हवेतली जाड रेघ

आयुष्यात मी एकच कायदा लिहिला आणि तो पहिल्यांदा मलाच लागू झाला. एरवी साऱ्या नोकरीत दुसऱ्यांनी लिहिलेलं इकडून तिकडे पोचवलं. मी तारबाबू होतो. गोंदियाच्या तारघरात बसून लोकांचे जन्म, मरण, नोकऱ्या आणि ‘ताबडतोब निघा’ बोटानं वाजवायचं आणि कानानं उतरवून घ्यायचं, हे माझं काम. त्यात माझं स्वतःचं एक अक्षर नसायचं. त्यामुळेच की काय, कायदा लिहायला बसलो तेव्हा मला भलताच चेव चढला होता.

तार म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. पलीकडच्या गावचा तारबाबू पितळी किल्ली दाबतो, आपल्या टेबलावरचं यंत्र ‘कट्ट’ करतं. तो किल्ली सोडतो, यंत्र पुन्हा ‘कट्ट’ करतं. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी असेल तर ती आखूड खूण, जास्त असेल तर लांब. आखूड आणि लांब यांच्या जुळणीतून सगळी अक्षरं होतात. याला मोर्स म्हणतात. विद्या एवढीच, पण ती अंगात मुरायला मला दीड वर्ष लागलं आणि त्या दीड वर्षात मी रामटेके मास्तरांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की जेवणाची गरज पडू नये.

रामटेके मास्तर आमच्या तारघराचे वरिष्ठ. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या डोंगराच्या बाजूला. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकणारी थोडी धानाची शेती. बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि येताना पोराला मॅट्रिक करायचा निश्चय घेऊन आला, असं मास्तर सांगत. बोलणं रोखठोक. पहिल्याच दिवशी मी कागदाकडे बघत, कपाळाला आठ्या घालून तार उतरवत होतो. मास्तरांनी मागून टपली मारली.

“डोये कायले फाडून राहिला बे? तारबाबूले डोये नाई लागत, कान लागते. मिट डोये!”

मग त्यांनी मला त्यांची युक्ती दाखवली. गोंदिया विडीचं गाव, तंबाखूच्या रिकाम्या डब्यांना तोटा नाही. असा एक पत्र्याचा डबा यंत्राच्या मागं खोचला की तोच ठोका असा खणखणीत वाजायचा की बाहेर रस्त्यावर रिक्षा भांडत असल्या तरी अक्षर चुकायचं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हापासून माझ्या कानात चांगला आवाज म्हणजे डब्याचा आवाज. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं यानंच घात केला.

एकदा सालेकशाकडचा एक म्हातारा फौजेतल्या मुलाला तार करायला आला. तार करून झाली, तरी हलेना. बाकावर बसून राहिला. दुपारी मास्तरांनी विचारलं, तर म्हणाला, “साहेब, हे जे वाजून राहिलं, यात माहा पोट्टा कोणता?” आम्ही सगळे हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला आत बोलावलं, डब्याजवळ बसवलं आणि म्हणाले, “आला का सांगतो.” संध्याकाळी खरोखर मुलाचं उत्तर आलं. मास्तर लिहिता लिहिता बोलले, “हा. हा तुहा पोट्टा.” म्हातारा डब्याला कान लावून ऐकत राहिला. वाजवणारा त्या टोकाचा कोणी तारबाबू होता, हे त्याला सांगायचं कोणाच्याच जिवावर आलं.

पण ठोक्यांत माणूस ओळखू येतो, हे काही खोटं नव्हतं. प्रत्येक तारबाबूचा एक ‘हात’ असतो. अक्षर तेच, पण कोणी लांब खूण जरा ओढतो, कोणी अक्षरांमध्ये दम घेतो. चार ठोके ऐकले की आम्हाला कळायचं, आज बालाघाटला कोण बसलं आहे आणि त्याचं घरी भांडण झालंय का.

पुढं टेलिप्रिंटर आले. टाइप करा, तिकडे छापून निघतं. यंत्रं कपाटात गेली, डबे भंगारात. मी टाइप करायला शिकलो, पण मनातून खात्याला कधी माफ केलं नाही. मास्तर निवृत्त होऊन गावी गेले. आणि १९९९ साली त्यांनीच मला हौशी रेडिओच्या नादाला लावलं.

हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरी स्वतःचं बोलणारं-ऐकणारं रेडिओ यंत्र लावून जगातल्या इतर परवानेवाल्यांशी बोलायचं. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण बोलायचं नाही. बोला कसंही, तोंडानं किंवा किल्लीनं. मास्तर म्हणाले, “सरकारनं किल्ली काढून घेतली ना? आपण घरी लावू!” मी गच्चीपासून कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. बायकोनं पहिल्याच आठवड्यात तिच्यावर ओली गोधडी वाळत घातली. त्या दिवशी मला बालाघाटसुद्धा ऐकू आलं नाही.

रोज सकाळी सात वाजता आमची किल्लीवरची बैठक सुरू झाली. मास्तर त्यांच्या गावाहून, मी गोंदियाहून, बालाघाटचे एक डॉक्टर आणि अधूनमधून आणखी कोणी. विषय ठरलेले. धान, गुडघे, पाऊस आणि कोणाच्या यंत्रात काय बिघडलं.

हवेत बोलायचा एक शिष्टाचार असतो. बोलण्याआधी थोडं ऐकायचं आणि मग किल्लीनं एक छोटा प्रश्न विचारायचा. क्यू, आर, एल आणि प्रश्नचिन्ह. अर्थ असा की, ही जागा चालू आहे का? बल्लारशा पॅसेंजरमध्ये चढल्यावर बाकाशी उभं राहून आपण विचारतो ना, “भाऊ, अठी कोणी हाय काय?” अगदी तसंच. आणि बाकावरचा माणूस जसा “हाव” म्हणून थोडा सरकतो, तसं हवेतही कोणीतरी सरकतं. कारण हवेतली जागाही बाकासारखीच मोजकी. त्या जागेचं माप किलोहर्ट्झमध्ये. तोंडानं बोलणारा माणूस म्हणजे धानाचं पोतं घेऊन चढलेला गडी, जवळपास तीन किलोहर्ट्झ अडवतो. किल्लीवाला काडीपैलवान. एका बोलणाऱ्याच्या जागेत दहा किल्लीवाले आरामात बसतात. याचा आम्हाला कोण अभिमान!

यंत्र मी स्वतः जुळवलं होतं. नकाशात किल्लीच्या वाटेवर एक कंडेन्सर दाखवला होता. त्याचं काम आवाजाच्या कडा घासून मऊ करायचं. मी तो लावून पाहिला. माझा आवाज असा गुळगुळीत यायला लागला की जणू पेजच. काढून टाकला, तेव्हा प्रत्येक ठोका डब्यासारखा खणखणला. मी कंडेन्सर ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरलो. बालाघाटचे डॉक्टर एकदोनदा म्हणाले, “दादा, आपका सिग्नल बहुत फैलता है.” मला वाटलं, हेवा.

आता बिसेन मॅडम. गोंदियातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. पोवार घरातल्या, वय पस्तिशीचं, परवाना नवा, उत्साह उतू जाणारा. आमच्या हौशी रेडिओ मंडळाच्या बैठका रविवारी एका शाळेच्या वर्गात व्हायच्या. एका रविवारी त्या आपला कॉम्प्युटर घेऊन आल्या, रेडिओला जोडला आणि म्हणाल्या, “काका, आता पाहा.” त्या टाइप करत होत्या, रेडिओतून एक बारीक थरथरती शीळ जात होती आणि कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला माणूस टाइप करून उत्तर देत होता, ते पडद्यावर उमटत होतं. कान नको, किल्ली नको. याला डिजिटल म्हणतात. त्याच सुमारास जगभरातच, परवान्यासाठी मोर्सची परीक्षा कशाला हवी, असा सूर निघाला होता. माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

मास्तर त्या दिवशी गावाहून मुद्दाम आले होते. ते पडद्याच्या इतके जवळ वाकले होते की चष्मा काचेला टेकला. म्हणाले, “हे तं बेस हाय गा, वासुदेव. अक्षर दिसून राहिले!”

मला ते लागलं. ज्यांनी डोळे मिटायला शिकवलं, तेच पडद्याला डोळे लावून बसले होते. मी साऱ्या वर्गासमोर म्हणालो, “मास्तर, तुम्हीपण? टेलिप्रिंटरनं एकदा हाकललं, आता घरातही तोच आणायचा? माझं स्पष्ट मत आहे. ज्याला कानानं घेता येत नाही, त्यानं हवेवर येऊच नये.”

मास्तरांनी टोपी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

त्यानंतर मास्तर सकाळच्या बैठकीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही, महिन्यानं नाही. मी फोन केला. त्यांच्या सूनबाईंनी उचलला. “मामाजी बांदीत गेले हायेत.” पुन्हा केला, बांदीतच. बांदी म्हणजे धानाचं शेत, पण मे महिन्यात, कालवा बंद असताना, कोरड्या ढेकळांत माणूस सकाळ-संध्याकाळ काय करतो? मी समजायचं ते समजलो. मास्तर रुसले होते. आता मीही काही कमी नाही. मी ठरवलं, रुसू दे. चूक त्यांची, परत येतीलच.

पण सात वाजता किल्लीवर हात ठेवला की पहिल्यांदा त्यांचाच हात ऐकायला कान टवकारायचे. त्यांची लांब खूण जरा ओढलेली असायची, बोलण्यात त्यांचं ‘गा’ असायचं तशी. डॉक्टर भला माणूस, पण त्यांच्याशी गुडघ्यांविषयी किती बोलणार? बैठकीतली मजा गेली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. त्याऐवजी चिडायला लागलो.

चिडायला कारणही मिळालं. दोन हजार पाचच्या पावसाळ्यानंतर आमच्या जागेला अगदी खेटून एक भुणभुण सुरू झाली. तीच डिजिटलची थरथरती शीळ. रोज सातला पाच कमी असताना यायची, आमची बैठक संपली की जायची. मी किल्लीनं विचारायचो, जागा चालू आहे का? उत्तर नाही. कोण आहे? उत्तर नाही. ‘बाजूला व्हा’ सांगितलं. भुणभुण तिथंच. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे ते काय बोलतं ते कळायचा मार्ग नाही, आणि कोणाकडे जाऊन वाचायचं म्हणजे हार मानण्यासारखं. मी किल्लीवर डॉक्टरांना सांगायचो, हा भुंगा कोण आहे कोण जाणे, शिकलेला आहे पण वळण नाही. आणखीही पुष्कळ बोललो. ते इथं लिहीत नाही.

दीडेक वर्ष भुंगा सहन केला आणि मग मी कायदा लिहिला. ‘सकाळच्या बैठकीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन किलोहर्ट्झ जागा मोकळी राहावी. ज्याचा सिग्नल तीत सांडेल, त्याने, मग तो कोणीही असो, बैठकीच्या वेळेत यंत्र बंद ठेवावे.’ ‘मग तो कोणीही असो’ हे मी न्यायी दिसावं म्हणून घातलं होतं. डोळ्यासमोर फक्त कॉम्प्युटरवाले होते. मंडळानं ठराव करायचा, सह्या घ्यायच्या आणि दिल्लीच्या परवाना कचेरीलाही एक प्रत धाडायची, असा बेत.

रविवारी मी तो वर्गात वाचून दाखवला. बिसेन मॅडम उभ्या राहिल्या, फळ्यावर एक जाड पट्टा काढला आणि त्याच्या शेजारी एक केसासारखी रेघ.

“काका, डिजिटल डिजिटल में फरक है ना! रेडिओवरून ईमेल धाडते ते यंत्र या पट्ट्याएवढी जागा घेते आणि कोणाले न विचारता सुरू होते. त्याच्यावर चिडा, मीपण तुमच्यासंग चिडते. पण ही भुणभुण या रेघेएवढी हाय. तुमच्या किल्लीपेक्षा बारीक!”

“बारीक असो की जाड. जो माणूस विचारल्यावर उत्तर देत नाही, तो मला शेजारी नको.”

“त्याले तुमचा प्रश्न ऐकूच येत नसंल तं?”

“मग त्यानं यंत्र विकून टाकावं.”

मॅडमनी खडू ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “काका, एक डाव माझ्या घरी या. ऐकाले नाई, पाह्यले. तुमची रेघ पडद्यावर लय जाड दिसते. आणि या कायद्यानं कोण बाहेर जाईल, ते पाह्यलं काय?”

“जो जाईल तो जाईल!” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. अकरा सह्या झाल्या.

सगळ्यात वर एका सहीची जागा मी कोरी ठेवली होती. ती मास्तरांची. सगळ्यात जुना परवाना त्यांचा, शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे जायला निमित्त हवं होतं. रुसवा मोडायला मी गेलो, असं दिसायला नको. कामासाठी गेलो, असं दिसावं. सकाळच्या बल्लारशा गाडीनं निघालो. गर्दी होती. एका बाईनं न सांगता आपलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली. मी मांडीवर कायदा घेऊन बसलो.

मास्तरांच्या दारात सूनबाई तांदूळ पाखडत होत्या. मला बघून सूप हातातच राहिलं.

“मामाजी बांदीत…” त्यांनी सुरुवात केली आणि थांबल्या. आतून ती भुणभुण ऐकू येत होती.

मी आत गेलो. मास्तर दाराकडे पाठ करून बसले होते. समोर कॉम्प्युटर, शेजारी त्यांचा जुना रेडिओ. मी “मास्तर” म्हणालो. हलले नाहीत. मोठ्यानं म्हणालो. नाहीत. मग मी अगदी मागं जाऊन ओरडलो. सूनबाई म्हणाल्या, “नका ओरडू, भाऊजी. दोन वर्सं झाले. आता ढग गरजला तरी कळत नाई.”

मी पुढं होऊन खांद्याला हात लावला, तेव्हा मास्तर वळले. मला बघून आधी घाबरले, चोरी पकडल्यासारखे. मग हसले.

“वासुदेव! बस. ओरडू नको, काही फायदा नाई. कान मेले. लिह.” बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज फार मोठा झाला होता.

माझ्याजवळ लिहायला कागद एकच होता. मी कायदा उलटा केला आणि मागं लिहिलं, ‘सांगितलं का नाही?’

त्यांनी वाचलं. “कोणाले सांगू? तूच बोललास ना, ज्याले कानानं घेता येत नाई त्यानं हवेवर येऊ नये. तवा मले आधीच अर्धं ऐकू येत नव्हतं. मंग वाटलं, बरोबर हाय याचं. म्हून बैठकीत नाई आलो. बाजूले बसलो.”

बाजूला कशाला, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बिसेन मॅडमनी हे सगळं लावून दिलं होतं आणि कोणाला, म्हणजे मला, सांगायचं नाही अशी शपथ त्यांनी मॅडमना घातली होती. पडद्यावर निळं पाणी वरून खाली सरकत होतं आणि हवेत जो बोलेल त्याची त्यात पिवळी रेघ उमटत होती. त्या पडद्यात तीनेक किलोहर्ट्झ जागा मावते. मास्तर आमच्या जागेला खेटून बसायचे, कारण तिथं बसलं की बैठकीच्या रेघाही त्याच पडद्यात दिसायच्या. किल्लीवाल्याची रेघ तुटक असते. आखूड तुकडा, लांब तुकडा. मॅडमशी टाइप करता करता मास्तर आमची बैठक डोळ्यांनी वाचायचे.

त्यांनी एक वही काढली. तारघरातल्या त्याच तिरक्या, घाईच्या अक्षरात रोजची तारीख आणि खाली आम्ही काय बोललो ते. पानंच्या पानं. धान, गुडघे, पाऊस. आणि मध्ये मध्ये माझी वाक्यं. हा भुंगा कोण आहे कोण जाणे. शिकलेला आहे पण वळण नाही. एकही शिवी गाळलेली नव्हती. तारबाबू मजकुरात बदल करत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

लाज म्हणजे काय ते मला त्या वहीनं शिकवलं. मी वर बघू शकलो नाही.

मास्तर मात्र मजेत होते. “पण पुरं नाई उतरलं. पाह्य ना, अठी जागा सोडली, अठी सोडली. तू ठोकाले लागला का सारा पडदा पिवळा होते. दाखवतो.” मॅडमनी त्यांना पडद्याचं चित्र साठवायला शिकवलं होतं. त्यांनी एक उघडलं. डॉक्टरांची रेघ बारीक, सुबक. शेजारी माझी. ती रेघ नव्हतीच. प्रत्येक ठोक्याला पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा फराटा, माझ्या जागेपासून दोन्ही बाजूंना सांडलेला. त्या फराट्यांखाली मास्तरांना मॅडमकडून येणारी अक्षरं फाटून जायची. ऐकण्याचं एक दार बंद झाल्यावर त्या माणसानं भिंतीला एक फट पाडली होती आणि रोज सकाळी त्या फटीत मी चिखल मारत होतो.

“कंडेन्सर लावला नाई ना?” मास्तरांनी विचारलं.

मी मान हलवली.

“म्हटलंच मी. खणखणीत पायजे ना तुले! डबा मीच खोचाले शिकवला, कोणाले बोलू?” आणि ते पोट धरून हसले.

मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, सुलटा केला आणि कायदा वाचला. दोनदा वाचला. खिशातून पेन काढलं.

“नको,” मी म्हणालो. त्यांना ऐकू येणार नव्हतं. हात धरायला गेलो, तर त्यांनी झटकला.

“कायदा चांगला हाय. लेखन शुद्ध हाय. यानं मी बाहेर, अर्ध्या किलोहर्ट्झवर बसतो म्हून. पण माह्या आधी तू बाहेर, गा.” आणि कोऱ्या जागेवर त्यांनी ऐटीत सही ठोकली.

सूनबाईंनी चहा आणला. चहा पिताना माझी नजर कोपऱ्यात गेली. फळीवर त्यांची पितळी किल्ली होती, कापडात गुंडाळलेली. मी कागदाच्या मागं लिहिलं, ‘किल्ली का वाजवत नाही?’

“वाजवून काय करू? मलेच ऐकू येत नाई मी काय वाजवतो ते.”

मी त्याखाली दोन शब्द लिहिले. ‘मला येतं.’

त्यांनी तो कागद वाचला आणि फळीवरच्या किल्लीकडे पाहिलं. गाडीची वेळ झाली होती, मी निघालो.

कायद्याचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. पुढच्या रविवारी मी वर्गात उभा राहून मास्तरांची वही, पडद्यावरचं चित्र आणि माझा मूर्खपणा, तिन्ही सांगितलं आणि कायदा मागं घेतला. नवा मसुदा बिसेन मॅडमनी लिहिला. कोण काय वापरतो ते विचारू नका, किती जागा अडवतो ते मोजा. आणि यंत्र असो की माणूस, सुरू करण्याआधी बाकावर कोणी बसलंय का ते बघा. मी पहिली सही केली. दिल्लीहून त्याचं उत्तर अजून यायचं आहे. हौशी मंडळींचे वाद आजही चालूच आहेत, नवनवी डिजिटल येतात आणि म्हातारे चिडतात. मीही चिडतो. पण आधी स्वतःची रेघ बघून घेतो.

त्या दिवशी गावाहून परतलो तो थेट ड्रॉवर उघडला. कंडेन्सर सापडला, बायकोच्या बटणांच्या डबीत. कथिलाचा डाग देऊन बसवला. किल्ली दाबून पाहिली. आवाज पेजेसारखा मऊ. माझ्या कानाला अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना यंत्र लावलं. भुणभुण नव्हती. सही खरी करून मास्तरांनी यंत्रच बंद ठेवलं की काय? तरी रीत म्हणून मी तो प्रश्न विचारला, दीड वर्ष ज्याला उत्तर आलं नव्हतं तो. हळू, पातळ, मऊ. जागा चालू आहे का?

काही नाही. हवेची सळसळ फक्त.

आणि मग एक किल्ली वाजली. अडखळत, एक अक्षर चुकून, पुन्हा नीट मारत. दोन वर्षं न चाललेला हात, स्वतःला ऐकू न येणारा. पण लांब खूण तशीच जरा ओढलेली. मी डोळे मिटले आणि कागदावर उतरवून घेतलं.

हाव, हाय. सरकतो. बस.